रस्ता तुंबतो तो तिठ्यावर

मंडळी, बाजारपेठेत कोंडी झाली की पहिली मागणी येते रुंदीकरणाची. कोकणातल्या जुन्या गावठाणात ती बहुधा तिथंच अडते. दोन्ही बाजूंना जांभ्याच्या भिंती, खाली दुकान, वर बिऱ्हाड. आणि भूसंपादन नगरपरिषदेला झेपणारं नाही. पण रस्ता नेमका कुठे तुंबतोय, हे आधी पाहा. दोन चौकांमधल्या पट्ट्यात तो सहसा वाहता असतो. तुंबतो तिठ्यावर, आणि तिठ्याच्या अलीकडच्या पन्नास-साठ मीटरांत.

याचा हिशेब सोपा आहे. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या ९३ क्रमांकाच्या मानकात सूत्र आहे: सिग्नलला येणारी बाजू साडेपाच मीटर किंवा जास्त रुंद असेल, तर सलग तासभर हिरवा दिवा मिळाल्यास तिथून रुंदीच्या ५२५ पट पीसीयू सुटतात. पीसीयू म्हणजे कारच्या मापात मोजलेली वाहनं. वाहनाचा तो प्रकार एकूण रहदारीच्या दहा टक्के किंवा जास्त असेल तर दुचाकी पाऊण धरायची, रिक्षा दोन, बस-ट्रक ३.७. आपल्याकडे दुचाकी कायम त्या वरच्या गटातच मोडते.

समजा येणारी बाजू साडेसात मीटर आहे, नव्वद सेकंदांच्या फेऱ्यात हिरवा दिवा तीस सेकंद. क्षमता झाली तासाला सुमारे १३१० पीसीयू. आता थांबारेषेला लागून एकच कार उभी करा. वाहतूक अभ्यासक वेबस्टर यांच्या ब्रिटनमधल्या अभ्यासातून आलेलं सूत्र सांगतं की रेषेपासून साडेसात मीटरांच्या आतली कार १.६८ मीटर रुंदी खाते. ट्रक असेल तर दीडपट. म्हणजे त्या एका कारपायी तासाला जवळजवळ २९० पीसीयू, म्हणजे चारशेच्या आसपास दुचाकी, मागे अडकतात. तीच कार तीस मीटर मागे नेली तर तोटा १८०च्या घरात येतो. पूर्ण संपतो तो ६४ मीटरांवर. आपली रहदारी सरमिसळ आहे, त्यामुळे हा आकडा अंदाजाला घ्या. पण ‘नो पार्किंग’ची पाटी चौकाला चिकटून दहा मीटरांपुरती लावण्यात अर्थ का नाही, ते यावरून कळेल.

नुसती पिवळी रेषा मारून गाड्या हलत नाहीत. पदपथाला कठडा लावा आणि रिक्षा स्टँड कोपऱ्यावरून आतल्या आळीत न्या, रिक्षावाल्यांशी आधी बोलून. आडवी लावलेली दुचाकी दोन मीटर रस्ता अडवते, हे विसरू नका. म्हणून दुचाक्यांची जागा चौकापासून लांब आखावी लागते. मालाचे टेम्पो दुकानं गजबजण्यापूर्वी रिकामे व्हावेत, बस्स.

एसटीचा थांबा चौकाच्या अलीकडे असेल तर बस प्रवासी घेते आणि मागचा हिरवा दिवा फुकट जातो. थांबा चौकापलीकडे न्या. मात्र बस अकरा-बारा मीटरची असते. मागोमाग दोन आल्या तर शेपूट चौकात राहतं. म्हणून किमान तीस मीटर पुढे.

आता एकेरी वाहतूक. रोड्स काँग्रेसच्याच मानक १०६नुसार दुय्यम मुख्य रस्त्यावर दोन मार्गिकांची क्षमता दुहेरीत तासाला १२०० आणि एकेरीत १९०० पीसीयू धरतात. आकडा मोहात पाडणारा आहे. पण परतीचा रस्ता जवळ आणि तेवढाच मोठा हवा. गडग्यांमधून जाणारी तीन मीटरची पाखाडी म्हणजे परतीचा रस्ता नव्हे. वळसा लांबला की दुचाकी उलट्या दिशेने घुसतात, रिक्षाचं भाडं वाढतं आणि वळशाची जास्तीची वाहनं पलीकडच्या चौकावर येऊन पडतात. शिवाय एकेरीत वेग वाढतो. शाळेसमोर क्रॉसिंगची सोय आधी, मग बाण.

पावसाचं गणित कोकणात वेगळंच. गटाराचं तोंड कचऱ्याने बुजलं की कडेला पाणी साचतं, गाड्या मधोमध सरकतात आणि अर्धा मीटर न मोजता गेलेला असतो. तो परत मिळवण्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही. थर्मोप्लास्टिकचे पट्टे कोरड्या डांबरावरच चिकटतात. मे महिना सरण्यापूर्वी मारले नाहीत तर चतुर्थीला शंकूंवर भागवावं लागतं.

एकेरीचा प्रयोग करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ११५ पुरतं. बंदी महिनाभर किंवा त्याहून कमी काळाची असेल तर राजपत्रात अधिसूचना लागत नाही; परिस्थितीनुसार स्थानिक प्रसिद्धी मात्र द्यावी लागते. महिना निवडताना गणपती, दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी टाळा, कारण त्या दिवसांतल्या चाकरमान्यांच्या गाड्यांवरून वर्षभराचा निर्णय घेता येत नाही. प्रयोगाआधी आणि प्रयोगात त्याच वारी, त्याच वेळी, पंधरा-पंधरा मिनिटांची मोजणी करा, आठवडा बाजाराचा दिवस धरून. आणि मोजणारा माणूस आतल्या आळीच्या तोंडाशीही उभा करा; मुख्य रस्त्यावरून गायब झालेली गर्दी तिथं सापडते.