पहिलं वाक्य कुणाला सांगायचं?

श्रोतेहो, नमस्कार.

मन बिघडलं की आपल्याकडे माणूस आधी गप्प होतो. घरात बोललं तर ‘नसते विचार करत बसू नकोस’ हे ऐकायला लागणार, म्हणून तो डॉक्टरांनाही झोप लागत नाही, पित्त वाढलंय, एवढंच सांगतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार, आजार कोणता त्याप्रमाणे ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. मानसोपचारतज्ज्ञ कमी आहेत, हे खरंच. पण पहिलं वाक्य तोंडून निघत नाही, ही अडचण मला तितकीच मोठी वाटते. चॅटबॉटचा, म्हणजे माणसासारखा संवाद साधणाऱ्या संगणकीय प्रोग्रामचा, उपयोग मला दिसतो तो इथं.

इंग्लंडचं उदाहरण सांगते. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत नैराश्य आणि चिंतेवरच्या उपचारांसाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय स्वतः नाव नोंदवता येतं. काही केंद्रांनी या नोंदणीसाठी ‘लिंबिक’ नावाचा चॅटबॉट ठेवला. रात्री दोन वाजता मोबाइल उघडला तरी तो विचारतो, काय त्रास होतोय? मग झोप, भूक, भीती, स्वतःला इजा करण्याचे विचार, असं एकेक विचारत जातो. धोका दिसला तर केंद्राला कळवतो. ही माहिती आधीच हाती असल्यामुळे पुढे भेटणाऱ्या तज्ज्ञाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

चॅटबॉट असलेल्या आणि नसलेल्या मिळून २८ केंद्रांमधल्या सुमारे १ लाख २९ हजार लोकांचा अभ्यास २०२४ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये आला. चॅटबॉट असलेल्या केंद्रांत नोंदणी १५ टक्क्यांनी वाढली, इतरत्र ६ टक्क्यांनी. वांशिक अल्पसंख्याकांमध्ये तर ही वाढ २९ टक्के होती. जे एरवी या सेवेकडे फिरकत नव्हते, तेच जास्त आले! समोर कुणी माणूस नाही, कुणी नावं ठेवणार नाही, याचा काहींना मोठा धीर वाटला.

मात्र हा चॅटबॉट उपचार करत नव्हता. तो माणसापर्यंत नेऊन सोडत होता. माणसाच्या जागीच यंत्र बसवलं की काय होतं, हे २०२३ मध्ये अमेरिकेत दिसलं. खाण्याच्या विकारांवर काम करणाऱ्या एका संस्थेचा चॅटबॉट रुग्णांनाच वजन घटवायचे सल्ले देऊ लागला. शेवटी तो बंद करावा लागला.

म्हणून माझी मागणी साधी आहे. मराठीत असा चॅटबॉट जरूर यावा. गावाकडचं माणूस ‘जीव घाबरा होतो’, ‘कशात मन लागत नाही’ असं म्हणालं, तर ते त्याला नीट कळावं, आणि त्याच्यामागे बोलणारा माणूस हवाच. तशी माणसं आपल्याकडे आहेत. २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ या सरकारी हेल्पलाइनवर प्रशिक्षित समुपदेशक मराठीतही बोलतात. मोफत, दिवसरात्र. चॅटबॉट येईल तेव्हा येईल, हा नंबर आजच लिहून घ्या: १४४१६. पुन्हा सांगते, एक, चार, चार, एक, सहा.