ॲप घेताना आधी बाहेरचं दार बघा

मंडळी, लिहिण्या-गाण्यासाठी, चित्रं काढण्यासाठी कुठलं ॲप घ्यावं, हा विषय निघाला की लोक वही-पेन सरसावून बसतात. दहा ॲपची नावं लिहून घ्यायची आणि घरी जाऊन नातवाकडून डाउनलोड करून घ्यायची. आज तशी यादी मी देणार नाही, कारण अशा याद्या फार लवकर शिळ्या होतात.

२९ जून २०२० आठवा. सरकारनं ५९ चिनी ॲपवर बंदी घातली. गाजावाजा सगळा टिकटॉकचा झाला, पण त्याच यादीत कागदपत्रं स्कॅन करायचं कॅमस्कॅनर होतं. वकील, शिक्षक, सोसायटीचे सेक्रेटरी, कितीतरी जणांचे सातबारे, मार्कशीट आणि भाडेकरार त्यात होते. स्कॅन झाल्या झाल्या पीडीएफ स्वतःच्या मेलवर टाकायची सवय ज्यांना होती, त्यांनी दुसरं ॲप घेतलं आणि काम पुढे सुरू केलं. एव्हरनोटचंही बघा. नोंदी ठेवायला एकेकाळी सगळे तेच सुचवायचे. २०२३च्या अखेरीस त्यांनी फुकटच्या खात्याला ५० नोंदींची मर्यादा घातली. तो त्यांचा धंदा आहे, त्यांनी काय करावं हे त्यांनी ठरवावं. पण आपलं सामान भाड्याच्या खोलीत आहे, हे आपण विसरायचं नाही.

म्हणून ॲप कुठलंही असो, माझी कसोटी एकच. आत घातलेलं काम बाहेर काढायला दार आहे का, आणि ते काम दुसरीकडे उघडतं का? पहिल्याच दिवशी दोन ओळी लिहा आणि त्या बाहेर काढून बघा. सहा महिन्यांनी बघू म्हणाल तर तोवर पाचशे नोंदी अडकलेल्या असतील.

मराठीत लिहिणाऱ्यांना हे नव्यानं सांगायला नको. डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर पानं जुळवायच्या सुरुवातीच्या काळात मजकूर ज्या फॉन्टमध्ये टाइप झाला तो फॉन्ट दुसऱ्या मशीनवर नसला की पडद्यावर नुसता रोमन अक्षरांचा कचरा दिसायचा. त्या काळातले कितीतरी दिवाळी अंक सीडीवर असूनही धड वाचता येत नाहीत. युनिकोडनं, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या मशीनवर एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीनं, हा त्रास संपवला, तोही सावकाश. देवनागरी त्यात १९९१पासून आहे, पण ‘ॲप’मधला ॲ स्वतंत्र अक्षर म्हणून आला २००८ साली. त्याआधीच्या मजकुरात अ आणि वरचा चंद्र जोडून काम भागवलेलं असतं. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण फाइलमध्ये एक शोधायला गेलात तर दुसरं सापडत नाही. जुने लेख एकत्र करत असाल तर एवढं ध्यानात ठेवा.

आता मला सगळ्यात मोलाच्या वाटणाऱ्या सोयीकडे येतो. त्यासाठी नवं काही उतरवून घ्यायची गरज नाही, बहुतेक अँड्रॉइड फोनवर ती आधीपासूनच असते. गूगलच्या कीबोर्डवर माइकचं चिन्ह आहे. ऑगस्ट २०१७पासून तिथे मराठीत बोलून टाइप करता येतं. कीबोर्डची भाषा मात्र आधी मराठी करून घ्या. इंग्रजी ठेवून मराठी बोललात तर जे उमटतं त्यानं घटकाभर करमणूक होते, बाकी काही नाही.

बोलून लिहिण्याचं एक तंत्र आहे. शब्द-शब्द तोडून बोलू नका, पुरं वाक्य एका दमात म्हणा. मागचापुढचा संदर्भ मिळाला की यंत्राचा अंदाज सुधारतो. गावांची नावं आणि आडनावं हमखास चुकतात. आपण ‘केलं’ म्हणतो, पुष्कळदा ‘केले’ उमटतं. स्वल्पविराम आणि परिच्छेद नंतर बसून हातानं घाला. बोलता बोलता दुरुस्ती करायला गेलात की विचार तुटतो आणि मजकूरही बिघडतो. पहिला खर्डा बोलून, दुसरा हातानं, अशी वाटणी केली की बोटं दुखणाऱ्या माणसालाही आठवणी लिहिणं जमतं. तुमच्यापैकी अनेकांना तेच करायचं आहे, हे मला ठाऊक आहे. हा मजकूर गूगल कीप या नोंदींच्या ॲपमध्ये बोललात तर तिथून तो गूगल डॉक्समध्ये पाठवता येतो, म्हणजे दाराची कसोटीही पार पडली.

छापलेलं पान असेल तर गूगल लेन्स. फोटो काढा, अक्षरं निवडा, कॉपी करा. पान सपाट धरा, उजेड बाजूनं येऊ द्या. दोन रकान्यांचं पान असेल तर एकेका रकान्याचा वेगळा फोटो घ्या, नाहीतर या रकान्यातली ओळ त्या रकान्यात घुसते. खिळ्यांच्या छपाईत घ-ध आणि भ-म यांची गल्लत होते, तेव्हा मूळ पान शेजारी ठेवूनच तपासा.

चित्र काढणाऱ्यांसाठी थोडं. १ जून २००९च्या ‘न्यू यॉर्कर’चं मुखपृष्ठ जॉर्ज कोलंबो या चित्रकारानं आयफोनवर बोटानं काढलं होतं, ब्रशेस नावाच्या ॲपमध्ये. आयपॅड तेव्हा बाजारात आलाही नव्हता! आज आयपॅडवर प्रोक्रिएट आहे. अँड्रॉइड टॅबवर क्रिटा चालतं, तेही फुकट. प्रोक्रिएटमधलं चित्र पीएसडी या फोटोशॉपच्या फाइल-प्रकारात काढलं तर थरांसकट, म्हणजे एकावर एक रचलेल्या लेयर्ससकट, दुसरीकडे उघडतं. छापायचं असेल तर कॅनव्हास सुरुवातीलाच मोठा घ्या. ए-फोर पानाला ३०० डीपीआयनं, म्हणजे इंचाला ३०० ठिपके या हिशेबानं, २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात. छोटं काढून मागाहून ताणलंत तर कडा फुटतात. आणि कृपा करून ते संपादकाला व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो दाबला जातो आणि मग शिव्या छापखान्याला बसतात.

गाणाऱ्यांचं बरं आहे, त्यांना काही बाहेर काढायचंच नसतं. आयतबलाप्रो किंवा तानपुरा ड्रॉइड हे साथीचं ॲप उघडा, पट्टी लावा आणि रियाजाला बसा. काळी चार असो की पांढरी एक, तारा उतरायची धास्ती नाही. फोनचा स्पीकर मात्र खर्ज गिळतो, म्हणून हेडफोन किंवा बाहेरचा स्पीकर जोडा. विलंबित एकतालाला पहाटे पाच वाजता तबलजी मिळणार आहे थोडाच?

पैशांचं तेवढं सांगतो, म्हणजे प्रश्नांना वेळ उरेल. प्रोक्रिएट एकदाच विकत घ्यायचं असतं, पुष्कळ ॲपना महिन्याची किंवा वर्षाची वर्गणी लागते. वर्गणी वाईट असं माझं मत नाही. पण ती बंद केल्यावर जुनी कामं उघडतील की नुसती दिसतील, हे पैसे भरायच्या आधी वाचून घ्या. फुकट चाचणीसाठी कार्ड जोडलं असेल तर मुदत संपायच्या आदल्या दिवसाचा गजर फोनमध्ये लावून ठेवा. ॲप काढून टाकलं म्हणजे वर्गणी थांबली असं नसतं, ती प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरमध्ये जाऊन वेगळी रद्द करावी लागते. आता विचारा, काय विचारायचंय ते.