चाव्या कुणाच्या स्वाधीन?

आदरणीय पाळकसाहेब, वडीलमंडळी आणि बंधुभगिनींनो,

विषय तुम्हाला पत्रिकेत दिसला असेलच: समर्पण आणि अंतरीचं स्वातंत्र्य. देवापुढे मान तुकवणारा माणूस मोकळा कसा होतो, हे सांगण्याचं मी कबूल केलं आहे. पण आधी एक शब्द घेते, कारण तो बरीच वर्षं माझ्या मनात घोळतो आहे.

शब्द आहे ‘स्वाधीन’. मी आयुष्यभर मराठी शिकवलं, त्यामुळे शब्दापाशी थांबायची सवय आहे. स्वाधीन म्हणजे स्वतःच्या अधीन, पराधीनच्या उलट, मोकळा. आणि बोलताना आपण काय म्हणतो? ‘चोराला पोलिसांच्या स्वाधीन केलं.’ ‘बाळाला आईच्या स्वाधीन केलं.’ म्हणजे ज्याच्यावर कुणाचा ताबा नाही तोही स्वाधीन, आणि ज्याला दुसऱ्याच्या हाती दिलं तोही स्वाधीन! वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरून प्रश्न यायचा, ‘बाई, मग परीक्षेत कुठला अर्थ लिहायचा?’ हसलात ना? मुलांचा प्रश्न मात्र अगदी खरा होता. ख्रिस्ती माणसाला जन्मभर तोच पेपर सोडवायचा असतो.

आता चाव्यांची गोष्ट. काहींनी ती ऐकली आहे, त्यांनी पुन्हा ऐकावी.

आमच्या मंडळीची मी एकोणीस वर्षं खजिनदार होते. चाव्यांचा जुडगा माझ्याकडे. अकरा चाव्या. दानपेटीची, कपाटाची, कपाटाच्या आतल्या कप्प्याची, ऑर्गनची, मागच्या दाराची. दोन चाव्या तर अशा, की त्यांची कुलुपं कधीच मोडीत गेली होती. तरी मी त्या कड्यातून काढल्या नाहीत. रात्री जुडगा उशाखाली. कूस बदलली की खणखण व्हायची, आणि त्या आवाजानं मला बरं वाटायचं.

एका रविवारी प्रभुभोजनाच्या वेळी मी पुढे जाऊन गुडघे टेकले. पाळक भाकर घेऊन माझ्यासमोर आले आणि थांबले. मला कळेना का थांबले. मग खाली पाहिलं. आपण दोन्ही हातांची ओंजळ पुढे करतो ना? मी एकच हात पुढे केला होता. दुसरा पर्सवर होता. पर्समध्ये चाव्या होत्या.

ते काही बोलले नाहीत. त्या एका हातावर भाकर ठेवून पुढे गेले. मी जागेवर येऊन बसले, पण पुढचं एक गीतही मला म्हणता आलं नाही.

जुडगा सोडायला त्यानंतर चार महिने लागले. नव्या खजिनदार मुलीला मी प्रत्येक चावीची हकीकत सांगत बसले, चांगला अर्धा तास. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि हात पुढे केला. माझी बोटं सुटेनात. सुटली तेव्हा तळव्यावर कड्याचा लालभडक वळ होता. त्या रात्री हलकं वाटलं, गाढ झोप लागली, असं मी सांगणार नाही. खणखण नव्हती म्हणून आठवडाभर झोपच आली नाही. पण पुढच्या प्रभुभोजनाला माझे दोन्ही हात रिकामे होते.

कुणी म्हणेल, यात देव कुठे आला? मी तोंडानं त्याला प्रभू म्हणत होते आणि मनातून धरून चालले होते की माझा हात सुटला तर त्याचं घर उघडं पडेल. माझं घर, माझी मुलं, माझं म्हातारपण, सगळ्याची एकेक चावी मी अशीच मुठीत धरली होती. जुडगा ही त्यातली डोळ्यांना दिसणारी गोष्ट, एवढंच.

चावी म्हटलं की मला बायबलातला फिलिप्पै शहराचा तुरुंगाधिकारी आठवतो. प्रेषितांची कृत्ये, सोळावा अध्याय. येशूची सुवार्ता सांगत फिरणाऱ्या पौल आणि सीला यांना फटके मारून आतल्या कोठडीत टाकलं आहे, पाय खोड्यात अडकवले आहेत, आणि मध्यरात्रीच्या सुमारास दोघं गात आहेत. बाकीचे कैदी ऐकत आहेत. भूकंप होतो, दारं उघडतात, बेड्या गळतात. आता कोण घाबरलं पाहा. पाठ सोललेले दोघं जागचे हलत नाहीत, आणि ज्याच्या ताब्यात सगळी दारं होती तो तलवार उपसून स्वतःचा जीव घ्यायला निघतो! कैदी पळाले असतील या नुसत्या कल्पनेनं. त्याचं सगळं असणंच कुलुपांवर टांगलेलं होतं. पौल ओरडतो, स्वतःला काही करून घेऊ नकोस, आम्ही सगळे इथेच आहोत. त्याच रात्री तो अधिकारी त्यांच्या जखमा धुतो आणि त्यांना आपल्या घरी जेवू घालतो.

इथे मला एक गोष्ट बोललीच पाहिजे. वेळ जाईल, जाऊ दे.

एक बाई माझ्याकडे आली होती. नवरा मारायचा. ती आधी एका जाणत्या माणसाकडे गेली होती, आणि त्यानं तिला सांगितलं होतं, ‘मुली, समर्पण कर. देवाची इच्छा समजून सोस.’ तिच्या मनगटावर चार बोटांचे निळे वण होते आणि ती मला विचारत होती, ‘बाई, माझं समर्पण कमी पडतं का?’ इतकी वर्षं झाली, तो प्रश्न आठवला की आजही माझं डोकं तापतं. देवाला शरण जा असं सांगून माणसाला माणसाच्या तावडीत देणं, हे देवाच्या नावाचा गैरवापर आहे. दहा आज्ञांतल्या तिसऱ्या आज्ञेचा भंग आहे. मी तिला त्याच सोळाव्या अध्यायाचा शेवट वाचून दाखवला. सकाळी शहराच्या अधिकाऱ्यांचा निरोप येतो की त्या माणसांना सोडून द्या. पौल काय म्हणतो? आम्ही रोमन नागरिक, आम्हाला चौकशीवाचून चारचौघांत फटके मारले, आणि आता गुपचूप घालवता? ते चालणार नाही. त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं. आणि ते आले! रात्री गाणारा आणि सकाळी जाब विचारणारा माणूस एकच आहे. देवापुढे एकदा वाकलेला कणा इतर कुणापुढे उगाच वाकत नाही. ती बाई घर सोडून बाहेर पडली. आज तिचं बरं चाललं आहे.

चिठ्ठी आली आहे, सातच मिनिटं उरलीत. कबूल केलेला विषय आता भराभर सांगते.

हार मानणं आणि स्वाधीन होणं यांतला फरक गेथशेमाने बागेत दिसतो, येशूला धरून नेलं त्या रात्री. येशू आधी आपली इच्छा स्पष्ट बोलतो, हा प्याला माझ्यापासून दूर कर. एकदा नव्हे, तीनदा. मन मारून गप्प बसणं समर्पणात येत नाही. आधी सगळं बोलायचं, रडायचं, आणि मग म्हणायचं, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे. तिथून तो उठतो तेव्हा त्या रात्रीतला तोच एक मोकळा माणूस आहे. शिष्य पळतात, पेत्र नाकारतो, रोमन सुभेदार पिलात गर्दीला भितो. येशूनं तर आधीच सांगून ठेवलं होतं की माझा जीव कुणी हिरावून घेत नाही, मी आपण होऊन तो देतो. ज्याच्याकडून हिसकावलं जातं तो पराधीन. जो आपण होऊन देतो तो स्वाधीन. दोन्ही अर्थांनी.

दुसरं, मोकळं सोडलं की माणूस मोकळा होतो हा समज. पुढे चर्चचा थोर आचार्य झालेल्या ऑगस्टीनची गोष्ट 386 सालची, मिलानमधली. हुशार माणूस, नावाजलेला शिक्षक, अडवणारं कुणी नाही. तरी तो लिहितो की मी दुसऱ्याच्या बेडीत नव्हतो, माझ्याच इच्छेच्या लोखंडानं जखडलो होतो. ‘उद्या, उद्या’ करत राहिला. मन कुणाचं तरी जू ओढतच असतं. मानाचं, भीतीचं, नाहीतर सवयीचं. येशू म्हणतो, माझं जू सोयीचं आहे. आपल्या मराठी बायबलात ‘सोयीचे’ हा शब्द फार छान आला आहे. सोयीचं म्हणजे मानेला बसणारं, न काचणारं.

तिसरं, जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला. 1521 मध्ये पाम्प्लोना इथे तोफगोळ्यानं पाय मोडलेला सैनिक. त्याच्या प्रार्थनेत देवाला द्यायच्या गोष्टींची यादी आहे: स्मरण, बुद्धी, इच्छा. पण सगळ्यांत आधी येतं ते स्वातंत्र्य. प्रभू, हे घे. यावर खरं तर तासभर बोलायचं होतं.

घंटा झाली. थांबते. वधस्तंभावर येशूनं एकतिसाव्या स्तोत्रातली ओळ म्हटली, मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवून देतो. चर्चच्या रात्रीच्या प्रार्थनेत ती ओळ शतकानुशतकं म्हटली जाते, झोपायच्या आधी. मी आता रोज म्हणते, उशीवर हात उघडे ठेवून. आपण उभे राहून एकदा म्हणू या. हातांतल्या पर्सेस, फोन, गीतांची पुस्तकं, सगळं खाली बाकावर ठेवा. हो, फोनसुद्धा. दोन्ही हात पुढे.