निळ्या वायरी आणि उशिरा पडणारा गिअर

[बॉनेट वर. कॅमेरा इंजिनवरून हळूहळू फिरतो.]

हे निळं जाडजूड दिसतंय ना, सिलिकॉनचं चकचकीत आवरण, दोन्ही टोकांना सोनेरी थिंबल, म्हणजे बोल्टखाली आवळायची धातूची कडी, हे काही कंपनीतून आलेलं नाही. बॅटरीच्या मायनसवरून निघून एक वायर इंजिनच्या हेडला गेलीय, एक गिअरबॉक्सला, एक अल्टरनेटरच्या (इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राच्या) बोल्टला, एक थ्रॉटल बॉडीच्या (इंजिनात हवा सोडणाऱ्या भागाच्या) शेजारी आणि दोन डावीउजवीकडे सस्पेन्शनच्या टॉवरवर. दुकानात ग्राउंडिंग किट म्हणून मिळतं, मेकॅनिक लोक अर्थिंग किट म्हणतात. पुण्यात नाना पेठेत विचारा, दिल्लीत करोल बागेत विचारा, नाहीतर घरबसल्या मोबाईलवरून मागवा. बॉक्सवर दाव्यांची रांग असते, पिकअप वाढेल, मायलेज वाढेल, हेडलाइट उजळतील, म्युझिक सिस्टिमची घरघर जाईल, आणि गाडी ऑटोमॅटिक असेल तर गिअर झटपट पडतील.

बाकीचं राहू दे, आज फक्त तो शेवटचा दावा. कारण बाकीच्यांवर लोक हसतात, पण याच्यावर भलेभले शपथेवर सांगतात की अहो खरंच फरक पडला, आधी पाय दाबला की गाडी क्षणभर विचार करायची, आता लगेच उठते. आणि गंमत म्हणजे यातले बरेचजण खोटं बोलत नसतात.

ही लाट मूळची जपानची. २००० च्या आसपास तिकडे गाड्या सजवणाऱ्यांमध्ये आणि ट्यूनिंगवाल्यांमध्ये हे किट फार चाललं, तिथे ऑटोमॅटिक गाड्याच जास्त, आणि दहा-बारा वर्षं जुन्या गाडीत एखादी अर्थची जोडणी गंजली असेल तर नवी वायर लावल्यावर सुधारणा दिसणारच ना. तिथून ते जगभर गेलं, आपल्याकडेही आलं, आणि वाटेत "जुन्या गंजलेल्या गाडीत" हे शब्द कुठेतरी गळून पडले.

आता आधी हे अर्थिंग काय असतं ते बघू. घरातल्या अर्थिंगचा आणि याचा फारसा संबंध नाही. गाडीत प्रत्येक दिव्याला, मोटरला, सेन्सरला प्लस आणि मायनस अशा दोन वायरी बॅटरीपर्यंत ओढत बसायचं म्हटलं तर तांबं दुप्पट लागेल, म्हणून कंपन्या काय करतात, बॅटरीचा मायनस गाडीच्या लोखंडी बॉडीला जोडून टाकतात, आणि करंट परत येतो तो बराचसा बॉडीतूनच. पण इंजिन आणि गिअरबॉक्स बसलेत रबरी माउंटिंगवर, आणि रबरातून करंट जात नाही, म्हणून इंजिनला एक वेगळी जाड केबल किंवा विणलेली पट्टी द्यावी लागते, तीच इंजिनची अर्थ. सगळा खेळ या एकदोन केबलींवर आहे. ती तुटली तर काय होतं माहितीये? सेल्फ मारताना शे-दीडशे अँपिअर करंट वाट शोधतो, आणि जुन्या गाड्यांत तो चक्क अ‍ॅक्सिलरेटरच्या नाहीतर गिअरच्या केबलमधून बॉडीकडे जातो, केबल इतकी तापते की वरचं प्लास्टिक वितळून आत चिकटतं. जुन्या इलेक्ट्रिशियनला हे तोंडपाठ असतं, अ‍ॅक्सिलरेटर जाम म्हटलं की तो आधी अर्थची पट्टी बघतो.

म्हणजे अर्थ खराब असेल तर गाडी खरोखर त्रास देते, याबद्दल वाद नाहीच. प्रश्न असा की अर्थ चांगली असताना ती अजून चांगली केली तर गिअर लवकर पडतो का.

[पाटीवर खडूने आकडे.]

कागदावर करून बघू, अवघड नाहीये. कंपनीची अर्थ केबल समजा १६ स्क्वेअर एमएमची, अर्धा मीटर लांब, तांब्याची. तिचा रेझिस्टन्स येतो साधारण ०.०००५ ओम. गिअरबॉक्समधले सगळे सॉलेनॉइड, म्हणजे तेलाची वाट उघडणारे विजेचे छोटे व्हॉल्व्ह, मिळून समजा ५ अँपिअर घेतायत, तर या केबलवर व्होल्टेज पडतं अडीच-तीन मिलीव्होल्ट. मिलीव्होल्ट, बरं का. इंजिनच्या कॉइल, इंजेक्टर सगळं धरून ३० अँपिअर म्हणा, तरी १६ मिलीव्होल्ट. आता तुम्ही शेजारी तेवढीच दुसरी केबल लावली, रेझिस्टन्स निम्मा झाला, तर वाचले किती, ८ मिलीव्होल्ट. अल्टरनेटर देतोय १४ व्होल्ट आणि आपण त्यात ०.००८ व्होल्टची भर घातली म्हणून खूष. एसीचा कॉम्प्रेसर चालू-बंद झाला किंवा मागची काच गरम करायचं बटण दाबलं तरी याच्यापेक्षा कितीतरी जास्त व्होल्टेज हलतं, आणि तेव्हा गिअरबॉक्सला काही वाटत नाही.

केबल ठीक असते, घोळ होतो जोडणीत. बोल्टखाली गंज बसला, रंग राहिला, थिंबल सैल झालं आणि तिथे नुसता ०.०१ ओम जरी आला तरी सेल्फ मारताना १५० अँपिअरला दीड व्होल्ट गायब, म्हणजे सेल्फ जड फिरणार, कधीकधी डॅशबोर्ड क्षणभर विझून परत पेटणार. हा खरा आजार. आणि त्याचं औषध पॉलिश पेपर.

आता गिअरबॉक्सकडे येऊ. टॉर्क कन्व्हर्टरवाला ऑटोमॅटिक बॉक्स, म्हणजे इंजिनची ताकद तेलातून गिअरकडे नेणारा, हे तेलावर चालणारं यंत्र. १९४० च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबिल गाड्यांमध्ये जनरल मोटर्सने त्याचा पूर्वज हायड्रामॅटिक आणला तेव्हा त्यात इलेक्ट्रॉनिक्स नावाला नव्हतं, सगळा कारभार तेलाच्या दाबाचा. आजही गिअर बदलण्याचं काम तेलच करतं, फक्त कुठल्या वाटेने तेल सोडायचं ते कंप्युटर ठरवतो आणि सॉलेनॉइडना सांगतो. तुम्ही ओव्हरटेक करायला पाय दाबलात, तर आधी पेडलचा सेन्सर सांगतो किती दाबला आणि किती वेगाने दाबला, मग कंप्युटर थोडं थांबून बघतो की हा माणूस खरंच घाईत आहे की खड्ड्यात पाय हलला, मग ठरवतो पाचव्यावरून चौथा की थेट तिसरा, मग इंजिनची ताकद क्षणभर कमी करायला सांगतो म्हणजे झटका बसू नये, मग सॉलेनॉइड हलतात, मग तेल वाहतं, एका क्लचमधलं रिकामं होतं, दुसऱ्यात भरतं, प्लेटा एकमेकींना धरतात, आणि मग कुठे गाडी उठते. या सगळ्या वरातीत सॉलेनॉइड हलायला लागतात काही मिलीसेकंद. बाकीचा वेळ जातो तो सॉफ्टवेअरच्या विचारात आणि तेल भरण्यात, आणि त्या दोन्ही ठिकाणी तुमच्या निळ्या वायरीला प्रवेश नाही.

अजून एक गोष्ट, जी किट विकणारे कधी सांगत नाहीत. आजच्या बॉक्समधले दाब ठरवणारे सॉलेनॉइड सरळ बॅटरीला जोडून ठेवलेले नसतात, कंप्युटर त्यांना सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करत असतो आणि आतून किती करंट जातोय ते मोजत असतो. व्होल्टेज जरा कमी झालं तर तो चालूचा वेळ जरा वाढवतो, जास्त झालं तर कमी करतो, करंट तोच राहतो. म्हणजे तुम्ही समजा जादूने अर्धा व्होल्ट वाढवून दिलात तरी कंप्युटर तो खाऊन टाकणार आणि सॉलेनॉइडला पत्ता लागणार नाही.

तसंच सेन्सरचं. थ्रॉटलच्या सेन्सरला कंप्युटर स्वतः ५ व्होल्ट देतो आणि त्याची मायनसची वायर स्वतःकडेच परत घेतो, बॉडीवर सोडत नाही, इंजिनियरांना हा त्रास माहितीच होता म्हणून तशी सोय केलीय.

मग कुणालाच फायदा नाही का? आहे की. टोयोटाच्या १९९० च्या दशकातल्या बऱ्याच ऑटोमॅटिक बॉक्समध्ये गिअर बदलणाऱ्या सॉलेनॉइडला एकच वायर यायची, मायनस मिळायचा तो बॉक्सच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कवचातून. तिथे इंजिन-गिअरबॉक्सची अर्थ पट्टी कुजली असेल तर सॉलेनॉइडला खरंच पुरेसा करंट मिळत नाही, आणि मग गिअर उशिरा पडणं, कधी न पडणं, गरम झाल्यावर वेगळंच वागणं, हे सगळं होऊ शकतं. अशा गाडीला नवी पट्टी लावली आणि गाडी सुधारली, तर त्या मालकाचं म्हणणं शंभर टक्के खरं. फक्त त्यासाठी सहा निळ्या वायरी लागत नाहीत, मूळ जागी एक चांगली केबल पुरते.

[दहाचा पाना, बॅटरीचं टर्मिनल सैल होतंय.]

आता मुद्द्याचं. नव्या, धडधाकट गाडीतही फरक का जाणवतो? हे बघा, किट लावायचं तर पहिलं काम काय? दहाचा पाना घेऊन बॅटरीचा मायनस काढायचा. पाऊण-एक तास काम चालतं, तोवर गाडीची वीज बंद. आणि बऱ्याच गाड्यांच्या कंप्युटरमध्ये शिकलेल्या गोष्टी असतात, म्हणजे थ्रॉटलवर कार्बन किती साचलाय, क्लच किती झिजलेत म्हणून तेल किती आधी भरायला लागेल, तुम्ही शांत चालवता की रेटून, असं सगळं तो वर्षानुवर्षं जमवत असतो. बॅटरी काढली की अनेक गाड्यांत ही आठवण पुसली जाते आणि कंप्युटर कारखान्यातल्या आकड्यांवर परत येतो. मग तुम्ही चक्कर मारायला निघता आणि गाडी वेगळी वाटते, अहो वाटणारच, ती खरंच वेगळी चाललीय! काही दिवसांत ती परत शिकते आणि पहिल्यासारखी होते, तोवर तुमचा रिव्ह्यू टाकून झालेला असतो. नव्या गाड्यांत बरंच शिकलेलं कायमच्या मेमरीत राहतं, तिथे हा परिणाम कमी. पण तिथेही टर्मिनल घासून पुसून आवळलं गेलं, हा फायदा किटच्या नावावर जमा होतोच. आणि पैसे मोजलेत म्हटल्यावर पाय जरा जोरात दाबला जातो, ते वेगळंच.

म्हणून विकत घ्यायच्या आधी फुकटातला एक प्रयोग करा. मायनस काढा, अर्धा तास तसाच ठेवा, टर्मिनल आणि अर्थचे बोल्ट स्वच्छ करा, परत लावा, आणि किट न लावता तोच रस्ता चालवा. जो फरक जाणवेल तो किटचा नाही एवढं तरी नक्की. मात्र आधी गाडीचं मॅन्युअल बघा, काही गाड्यांत स्टिरिओ कोड मागतो, काचांचं ऑटो परत शिकवावं लागतं.

आपल्याकडची अजून एक अडचण म्हणजे "ऑटोमॅटिक" या एका नावाखाली चार वेगवेगळी यंत्रं फिरतायत. २०१४ साली मारुतीची सेलेरिओ एएमटी घेऊन आली आणि स्वस्तातली ऑटोमॅटिक घराघरात पोचली, पण एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल बॉक्सच, फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला माणसाऐवजी यंत्र बसवलंय. गिअर बदलताना इंजिनची ताकद तुटतेच, तुम्ही स्वतः बदलला तरी तुटते, त्यामुळे ती डुलकी त्याच्या जन्मातच आहे. ती वाढली असेल तर क्लच झिजलाय का बघायचं आणि स्कॅनर लावून क्लच लर्निंग करून घ्यायचं. सीव्हीटीमध्ये तर गिअर पडतच नाहीत, पट्टा आणि पुली, तिथे आवाज आधी आणि वेग मागून हा स्वभाव. ड्युअल क्लचवाला बॉक्स पुढचा गिअर आधीच तयार ठेवतो म्हणून एरवी विजेसारखा, पण त्याने वरचा तयार ठेवला आणि तुम्ही अचानक खालचा मागितला की तोही अडखळतो. या तिघांना आणि टॉर्क कन्व्हर्टरला एकच निळी वायर लागू पडते म्हणणारा दुकानदार हुशारच म्हणायचा.

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये उशीर हळूहळू वाढत गेला असेल तर संशय तेलावर घ्या. "लाइफटाइम ऑइल, बदलायची गरज नाही" हे सर्व्हिस सेंटरमध्ये हमखास ऐकू येतं, पण झेडएफसारखी गिअरबॉक्स बनवणारी कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरमध्ये तेल बदला म्हणते. तेल जुनं झालं की त्याचा गुण जातो, व्हॉल्व्ह बॉडीत, म्हणजे तेलाच्या वाटा असलेल्या भागात, बारीक कचरा फिरतो, सॉलेनॉइड चिकटायला लागतात. आणि बदलताना लेव्हल तेलाच्या ठरावीक तापमानाला बघावी लागते, थंड तेलावर अंदाजाने भरून चालत नाही. नळाच्या तोटीत कचरा अडकलाय आणि आपण टाकीला रंग देतोय, असं व्हायला नको.

[मल्टीमीटर.]

अर्थवर संशय असेलच तर मोजा. साधा मल्टीमीटर, डीसी व्होल्टवर. एक पिन बॅटरीच्या मायनसच्या खुंटीवर, थिंबलवर नाही, खुंटीवरच. दुसरी इंजिनच्या किंवा गिअरबॉक्सच्या उघड्या धातूवर. एकजण सेल्फ मारेल, दुसरा मीटर बघेल. ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा खाली असेल तर अर्थ ठणठणीत आहे, किट विसरा. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर कुठेतरी जोडणी गेलीय, पिन एकेका जोडणीवर सरकवत जा, सापडते. मग हेच बॉडीसाठी करा. रत्नागिरी-मालवणकडच्या, नाहीतर मुंबईत समुद्राजवळ उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांनी तर हे दर पावसाळ्यानंतर करावं, खारी हवा थिंबलच्या आत शिरते आणि वरून केबल नवीकोरी दिसते.

आणि तरीही हौस म्हणून निळ्या वायरी लावायच्याच असतील, हौसेला मोल नसतं मान्य, तर आधी बॅटरीच्या मायनसवर बघा. स्टार्ट-स्टॉपवाल्या (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू करणाऱ्या) आणि माइल्ड हायब्रिड (इंजिनला छोट्या विजेच्या मोटरची मदत असलेल्या) गाड्यांत बहुतेक वेळा तिथे एक छोटी काळी डबी असते, तिला वायर जोडलेली असते. तो करंट मोजणारा सेन्सर आहे. बॅटरीत किती आलं, किती गेलं याचा हिशोब तो ठेवतो आणि त्यावरून अल्टरनेटरने बॅटरी किती चार्ज करायची ते ठरतं. किटच्या वायरी खुंटीवर थेट आवळल्या की करंट डबीला वळसा घालून जातो, हिशोब चुकतो, स्टार्ट-स्टॉप बंद पडू शकतं, चार्जिंग बिघडू शकतं, आणि वॉरंटीत गाडी नेली की पहिलं बोट त्या वायरींवरच जातं. अशा गाडीत वायर जोडायचीच तर डबीच्या पलीकडे, बॉडीला जिथे कंपनीचा अर्थ बोल्ट आहे तिथे जोडा, आणि एक्झॉस्टपासून लांब ठेवा, सिलिकॉन झालं तरी त्यालाही मर्यादा आहे.