घाई कुठे करायची आणि कुठे नाही: आईला स्तनाचा कर्करोग आहे हे कळल्यानंतर

नमस्कार. आज इथे आलेल्या अनेकांच्या घरी नुकताच बायोप्सीचा रिपोर्ट आला आहे आणि त्यावर ‘कार्सिनोमा’, म्हणजे कर्करोग, असं लिहिलेलं आहे. तो वाचला की मुलांच्या मनात एकच येतं: गाठ उद्याच्या उद्या काढून टाका. सुरुवात मी या घाईपासूनच करते, कारण पहिल्या महिन्यातल्या पुष्कळ चुका तिच्यातून होतात.

हाताला लागेल एवढी गाठ व्हायला बहुतेकदा महिने, कधी कधी वर्षं गेलेली असतात. तपासण्या पूर्ण व्हायला आणखी दोन-तीन आठवडे लागले, तर बहुतेक रुग्णांचं त्याने नुकसान होत नाही. अपवाद आहे: स्तन काही आठवड्यांत लाल झाला, सुजला, कातडी जाड आणि खड्ड्याखड्ड्यांची झाली, तर मात्र थांबू नका. एरवी अर्धवट माहितीवर केलेलं ऑपरेशन परत फिरवता येत नाही, हे लक्षात ठेवा.

असं मी का म्हणते? रिपोर्टमध्ये ईआर, पीआर (गाठीच्या पेशींवर संप्रेरकांचे ग्राहक आहेत का) आणि हर-टू (त्या नावाचं प्रथिन पेशींवर जास्त आहे का) अशा तीन चाचण्या असतात. ईआर किंवा पीआर ‘पॉझिटिव्ह’ पाहून घरचे घाबरतात, पण त्याचा अर्थ एवढाच की संप्रेरकांवर काम करणाऱ्या गोळ्यांचा आईला उपयोग होईल. हर-टूचा निकाल ०, १+, २+ किंवा ३+ असा येतो. २+ हा निकाल अनिश्चित मानतात. त्यानंतर ‘फिश’सारखी (हर-टूचं जनुक मोजणारी) पुढची चाचणी करावी लागते आणि ती येईपर्यंत उपचारांचा आराखडा पक्का होत नाही. हर-टू पॉझिटिव्ह असेल किंवा तिन्ही चाचण्या निगेटिव्ह असतील, आणि गाठ २ सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल किंवा रोग काखेत गेला असेल, तर बहुधा आधी किमो देतात. गाठ लहान होते, स्तन वाचवणं शक्य होऊ शकतं, आणि औषध किती लागू पडलं हे ऑपरेशनच्या वेळी कळतं. त्यावरून पुढची औषधं ठरतात. गाठ आधीच काढली तर ही माहिती हातची जाते. किमोआधी गाठीत धातूची बारीक क्लिप बसवणार का, हे जरूर विचारा. गाठ पूर्ण विरघळली तर ती कुठे होती हे सर्जनला त्या क्लिपवरूनच सापडतं.

आणखी एक गोंधळ मी नेहमी पाहते. ग्रेड ३ म्हणजे तिसरी स्टेज नव्हे. पेशी सूक्ष्मदर्शकाखाली किती बिघडलेल्या दिसतात ते ग्रेड सांगते आणि रोग किती पसरला आहे ते स्टेज. ग्रेड ३ची छोटी गाठ पहिल्या स्टेजची असू शकते.

दुसरं मत घ्यायचं असेल तर नुसत्या रिपोर्टची झेरॉक्स नेऊन भागत नाही. प्रयोगशाळेतून काचेच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक (बायोप्सीचा तुकडा त्यात जपलेला असतो) मागून घ्या आणि नंतर परत आणा. पुढच्या चाचण्या त्याच ब्लॉकवर होतात. हरवले तर आईला पुन्हा सुई.

आता आईबद्दल. तिला सांगायचंच नाही असं घरात ठरवू नका. संमतीवर सही तिची असते, शरीर तिचं असतं, आणि लपवलेलं तिला किमोच्या खुर्चीत कळतं. आधी तिलाच विचारा, “तुला सगळं ऐकायचंय का, की जरुरीपुरतं?” ती जे सांगेल ते डॉक्टरांना कळवा. “काही होणार नाही” असं म्हणू नका. त्यामुळे तिची भीती जात नाही, फक्त ती तुमच्याशी बोलायची थांबते. स्तन पूर्ण काढायचा की गाठ काढून नंतर रेडिएशन घ्यायचं, इथे मुलं हटकून ‘पूर्णच काढा’ म्हणतात. जिथे दोन्ही शक्य आहे तिथे आयुर्मानात फरक पडत नाही, हे वीस वर्षांच्या पाठपुराव्यातून २००२ साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या अभ्यासांनी दाखवलं. म्हणून निर्णय आईच्या पसंतीचा.

डॉक्टरांकडे जाताना तिच्या चालू औषधांची यादी डोससकट न्या, आयुर्वेदिक आणि ताकदीच्या गोळ्या धरून. रक्त पातळ करणारी गोळी बायोप्सीआधीही सांगावी लागते. मधुमेह असेल तर किमोबरोबर दिल्या जाणाऱ्या डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने साखर चढते, म्हणून साखर कधी तपासायची ते आधीच ठरवून घ्या.

आणि आता जिथे खरोखर घाई हवी ती गोष्ट. किमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. पेशीच नसतील तर पू होत नाही, लाली येत नाही, ताप हीच एकमेव खूण असू शकते. घरात डिजिटल थर्मामीटर ठेवा. ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट भरला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. ‘आधी पॅरासिटामोल देऊन बघू’ हे करू नका. ताप उतरतो, जंतुसंसर्ग वाढत राहतो. स्टेरॉइडमुळे ताप झाकलाही जातो, म्हणून नुसती हुडहुडी भरली तरी निघायचं. दवाखान्यात पोचल्यावर पहिलं वाक्य हेच: किमो चालू आहे, शेवटचा डोस अमुक तारखेला झाला. सलाइनमधून प्रतिजैविक तासाभरात सुरू व्हायला हवं. ही दोन वाक्यं कागदावर लिहून आईच्या पर्समध्ये ठेवा.

उलटीच्या गोळ्या उलटी होण्याची वाट न पाहता घड्याळाप्रमाणे द्या. डॉक्सोरुबिसिन या किमोच्या औषधानंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते, ते रक्त नव्हे.

ऑपरेशननंतर ड्रेन (जखमेतलं पाणी ओढून डबीत घेणारी नळी) असेल तर डबी रिकामी करून, दाबून, मगच बूच लावायचं, नाहीतर ओढ राहत नाही. रोजचे मिलिलिटर लिहा. बहुतेक सर्जन २४ तासांत ३०च्या खाली आल्यावर नळी काढतात. निचरा एकदम थांबला आणि छाती फुगली, तर नळी तुंबलेली असते. कळवा.

शेवटचा मुद्दा जनुकांचा. आईचं वय पन्नाशीच्या आत असेल, तिन्ही चाचण्या निगेटिव्ह असतील, किंवा घरात अंडाशयाचा किंवा पुरुषाच्या स्तनाचा कर्करोग झालेला असेल, तर बीआरसीए (स्तन आणि अंडाशयाच्या कर्करोगाशी संबंधित जनुकं) तपासणीबद्दल ऑपरेशनआधीच विचारा, कारण निकालाने ऑपरेशनही बदलू शकतं. आधी रक्त आईचं. तिच्यातला दोष माहीत नसताना मुलांचा रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ आला, तर त्यावरून फारसं काही ठरत नाही. दोष सापडला तर प्रत्येक अपत्यात तो येण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो वा मुलगी. मुलग्यांनीही तपासणी टाळू नये, कारण दोष त्यांच्याकडूनही पुढच्या पिढीत जातो.