झिनूला सांग

नमस्कार श्रोतेहो.

आज एका पत्राची गोष्ट सांगते. पत्र मातीचं आहे. तळहातावर मावेल एवढी ओल्या मातीची पाटी, तिच्यावर बोरूनं उमटवलेल्या खुणा. हे इराकमधलं पत्र सुमारे 3,750 वर्षांपूर्वीचं, हम्मुराबी राजाच्या काळातलं. भाषा अक्कादी.

लिहिणारा इद्दिन-सिन. घरापासून लांब राहणारा मुलगा. त्याच्या आईचं नाव झिनू. तो म्हणतो, आई, इथल्या मुलांचे कपडे वर्षागणिक चांगले होताहेत, माझे मात्र वर्षागणिक हलके. आपल्या घरात लोकर भाकरीसारखी संपते, आणि माझ्याच कपड्यांत तू हात आखडतेस? तो अदाद-इद्दिनामचा मुलगा बघ. त्याचा बाप माझ्या बाबांच्या हाताखाली काम करतो, तरी त्याला दोन नवे कपडे! मला एक द्यायचा तर तुझी कुरकुर. आणि मग तो घाव घालतो: त्याला त्याच्या आईनं दत्तक घेतलंय, मला तू जन्म दिलास. तरी त्याची आई त्याच्यावर माया करते, तू माझ्यावर करत नाहीस.

वसतिगृहात मूल ठेवलेल्या प्रत्येक आईनं हे ऐकलेलं असतं! म्हणून मी नेहमी सांगते, घरातली जुनी पत्रं रद्दीत घालू नका. पोस्टकार्डसुद्धा. वाण्याच्या हिशेबाची चिठ्ठीसुद्धा ठेवा.

तर, भाषा अक्कादी. अक्कद या नगरावरून हे नाव पडलं. इसवी सनापूर्वी 2300 च्या सुमारास सारगॉन राजाची ती राजधानी होती. लिपी सुमेरी लोकांकडून घेतलेली, भाषा मात्र अरबी आणि हिब्रूच्या कुळातली. आईला अक्कादीत ‘उम्मु’, अरबीत ‘उम्म’. आपण ‘मालक’ म्हणतो, तो शब्द अरबीतून आला, आणि त्याच धातूचा अक्कादी शब्द ‘मल्कु’, म्हणजे राजा. इजिप्तचे फेरोसुद्धा परदेशी राजांना याच भाषेत लिहीत. पुढे अरामी भाषेनं तिची जागा घेतली. मातीच्या शेवटच्या पाट्यांपैकी एक इसवी सन 75 च्या सुमाराची, तिच्यात ग्रहताऱ्यांच्या नोंदी आहेत.

आणि हो, पत्राचा मायना राहिला. अक्कादी पत्राच्या सुरुवातीलाच ‘किबी-मा’ येतं, म्हणजे ‘सांग’. ते पत्र वाचून दाखवणाऱ्यासाठी असे. माती, बोरू, आणि ‘सांग’.

झिनूला सांग, इद्दिन-सिन असं म्हणतो.