खुब्यातलं हाड का मरतं?

(पडद्यावर: मधोमध चिरलेला मांडीच्या हाडाचा गोळा. कॅमेरा हळूहळू जवळ जातो.)

शस्त्रक्रियेत काढलेला हा मांडीच्या हाडाचा गोळा, म्हणजे खुब्याच्या सांध्यात बसणारं हाडाचं वरचं टोक. वरची कूर्चा, म्हणजे सांध्यातलं लवचीक आवरण बघा, अजून गुळगुळीत आणि चकचकीत आहे. तिच्याखाली मात्र पिवळसर, निस्तेज रंगाची एक पाचर दिसते. तेवढं हाड मेलेलं आहे. कूर्चा आणि ही पाचर यांच्यामध्ये एक बारीक फट पडली आहे. पेशंटला चालणं नकोसं झालं ते या फटीपासून.

डॉक्टर याला अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस म्हणतात, थोडक्यात एव्हीएन. पेशंट घरी येऊन सांगतो, "खुब्याचा बॉल खराब झालाय." असे पेशंट बहुतेक तिशी ते पन्नाशीतले असतात. उतारवयात सांधा झिजतो, तो प्रकार वेगळा. इथे हाडाला रक्तच पोचलेलं नसतं.

(पडद्यावर: खुब्याच्या सांध्याचं रेखाचित्र. रक्तवाहिन्या लाल रंगात उमटत जातात.)

खुब्याचा गोळाच का, याचं उत्तर त्याच्या रचनेत आहे. गोळ्याचा बराचसा पृष्ठभाग कूर्चेने झाकलेला असतो आणि कूर्चेतून रक्तवाहिन्या जात नाहीत. त्यामुळे बहुतेक रक्त खालून, हाडाच्या मानेला चिकटून वर चढणाऱ्या बारीक फांद्यांमधूनच येतं. त्यातल्या महत्त्वाच्या फांद्या मीडियल सर्कमफ्लेक्स नावाच्या एकाच धमनीच्या. गोळा ज्या खोबणीत बसतो त्या उखळीच्या बाजूने, दोन्हींना जोडणाऱ्या अस्थिबंधातून आणखी एक छोटी धमनी येते, पण मोठ्या माणसात तेवढ्यावर गोळा सहसा तगत नाही. मुख्य वाट बंद झाली, तर भरवशाची दुसरी वाट नाही.

अपघातात हीच वाट तुटते. मांडीच्या हाडाची मान मोडून तुकडे सरकले, की तिला चिकटलेल्या फांद्याही फाटतात. गाडीच्या धडकेत गुडघा समोर आपटून खुबा मागच्या बाजूला निखळतो, तेव्हा त्या ताणल्या जातात, पिळवटतात. म्हणून निखळलेला खुबा शक्यतो सहा तासांच्या आत जागेवर बसवायची डॉक्टरांची धडपड असते. उशीर होईल तसा हाड वाचण्याचा संभव घटत जातो.

(पडद्यावर: सूक्ष्मदर्शकाखाली हाडाचा काप.)

रक्त थांबल्यावर आत काय होतं, तेही बघू. हाडाच्या आतल्या मऊ मज्जेतल्या, रक्त तयार करणाऱ्या पेशी पहिल्या सहा ते बारा तासांत मरतात. त्यानंतर हाडाच्या पेशी, साधारण दोन दिवसांत. चरबीच्या पेशी सगळ्यांत शेवटी. या कापात दिसणारी ही छोटी छोटी भोकं म्हणजे हाडाच्या पेशींची घरं. निरोगी हाडात प्रत्येक घरात पेशी असते. इथे सगळी रिकामी आहेत.

आणि तरीही या घडीला बहुतेकांना काही दुखत नाही. मेलेलं हाड लगेच खचत नाही, त्याची ताकद काही काळ टिकते. त्याला कमजोर करते ती शरीराची दुरुस्ती. कडेच्या जिवंत भागातून नव्या रक्तवाहिन्या आत शिरतात, मेलेलं हाड खरवडून काढायला लागतात, आणि नवं हाड तितक्या वेगाने भरलं जात नाही. मग रोजच्या चालण्याच्या भारानेच कूर्चेखाली तडा जातो आणि गोळ्याचा माथा दबतो. यात महिने जातात, कधी वर्षंही. पेशंट दवाखान्यात पोचतो तेव्हा मूळ कारण त्याच्या विस्मरणात गेलेलं असतं. या आजाराची सगळ्यांत चटका लावणारी बाजू हीच.

(पडद्यावर: गोळ्यांची पाकिटं, जुन्या प्रिस्क्रिप्शनचा गठ्ठा.)

अपघात झालेला नसेल, तर पहिला प्रश्न स्टिरॉइडचा. ल्युपस (यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते), दमा, मूत्रपिंडाचं प्रत्यारोपण, रक्ताचा कर्करोग, गंभीर कोविड, अशा आजारांत स्टिरॉइडने असंख्य जीव वाचवले आहेत, आणि ते विसरून चालणार नाही. पण मोठ्या डोसने मज्जेतल्या चरबीच्या पेशी फुगतात. हाडाचं कवच कडक, त्यामुळे आतला दाब वाढतो आणि बारीक रक्तवाहिन्या चेपल्या जातात. चरबीचे सूक्ष्म कण रक्तवाहिन्यांत अडकणं, रक्त गोठण्याकडे कल वाढणं, हेही जोडीला असू शकतं. या आजारावर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने, एव्हीएन स्टिरॉइडमुळे झाला असं केव्हा धरायचं, याचे निकष २०१९ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात तीन महिन्यांच्या आत प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडचा एकूण डोस २ ग्रॅमच्या वर, ही मर्यादा धरली आहे. म्हणजे सलग तीन महिने रोज साधारण २२ मिलिग्रॅम. दम्याच्या पंपातून किंवा त्वचेच्या मलमातून जाणाऱ्या औषधाचा धोका त्या मानाने फारच कमी.

हे ऐकून कुणीही स्टिरॉइड मनाने बंद करू नये. अचानक बंद केल्यास जिवावर बेतू शकतं. डोस कमी करायचा तो डॉक्टरांनीच, टप्प्याटप्प्याने.

दारूचा नंबर याच्या लगोलग लागतो. त्याच गटाच्या दारूबाबतच्या निकषांत, आठवड्याला ४०० मिलीलिटरपेक्षा जास्त शुद्ध अल्कोहोल सहा महिन्यांहून अधिक काळ, असं प्रमाण दिलं आहे. चाळीस टक्क्यांची दारू धरली तर ते आठवड्याला एक लिटर होतं. इथेही मज्जेत चरबी साठते. पण एव्हीएन झालेल्या प्रत्येकाकडे "पीत असणार" अशा नजरेने बघणं अन्यायाचं आहे. कित्येकांनी थेंबही घेतलेला नसतो.

सिकलसेलच्या आजारात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि त्यात तर ऐन तरुणपणीच खुबे जातात. गॉशे आजार (पेशींत चरबीसारखा पदार्थ साठत जाणारा आनुवंशिक आजार), किरणोपचार, रक्त गोठण्याचे काही दोष, एचआयव्ही हेही धोक्याच्या यादीत येतात. धूम्रपानानेही धोका वाढतो.

खोल पाण्यात बुड्या मारणारे आणि दाबाखालच्या हवेत बोगदे खणणारे कामगार यांची गोष्ट वेगळीच. दाबामुळे नायट्रोजन शरीरात विरघळतो. पाण्यापेक्षा चरबीत तो सुमारे पाचपट विरघळतो, आणि गोळ्यातली मज्जा चरबीनेच भरलेली. माणूस घाईने वर आला की तिथेच बुडबुडे धरतात. काहींना त्या वेळी कसलाच त्रास होत नाही, हाडाचं दुखणं बऱ्याच काळाने उघडं पडतं.

लहान मुलांमध्ये, मुख्यतः चार ते आठ वर्षांच्या, खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा थांबण्याचा पर्थेस हा आजार होतो. १९१० मध्ये त्याची वर्णनं प्रसिद्ध झाली, पण रक्तपुरवठा नेमका कशाने थांबतो याचा उलगडा अजून झालेला नाही. मोठ्यांमध्येही काही जणांच्या बाबतीत सगळ्या तपासण्या करून कारण सापडत नाही. अशा पेशंटला "तुम्ही काही चुकीचं केलेलं नाही" हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगायला हवं.

(पडद्यावर: शेजारी शेजारी एक्स-रे आणि एमआरआय, दोन्ही एकाच पेशंटचे.)

दुखणं बहुधा जांघेत सुरू होतं. कधी मांडीतून गुडघ्यापर्यंत उतरतं, आणि महिनोन्‌महिने उपचार गुडघ्यावर चालतात. हा एक्स-रे बघा, अगदी नॉर्मल. त्याच आठवड्यातल्या एमआरआयवर मात्र मेलेल्या भागाभोवतीची रेघ ठळक दिसते. जांघ दुखते म्हणून डॉक्टरांकडे जाल, तेव्हा गेल्या दोन-तीन वर्षांतला अपघात, घेतलेली स्टिरॉइड, दारू, जुने आजार, सगळं न लपवता सांगा. कारण अपघाताचं नसेल तर एमआरआय दोन्ही खुब्यांचा करून घ्या. निम्म्याहून अधिक पेशंटमध्ये दुसऱ्या बाजूलाही आजार सापडतो, आणि ती बाजू अजून दुखत नसते.